आकडा आणि कडी

“हे कुणी घासलं?”

“मी,” तो म्हणाला. वर हसला. “छान निघालंय ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात पट्ट्याचं जुनं पितळी बक्कल होतं. कित्येक पिढ्या मातीखाली निजलेलं, आणि आता नव्या चमच्यासारखं लखलखत होतं.

“कशाने घासलंत?”

“दातांवरचं किटण काढायची हत्यारं असतात ना, त्यांनी. मग पॉलिश.” त्याने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दातांचा डॉक्टर. “सवयच आहे हो... थर दिसला की हात शिवशिवतात.”

गावातल्या लहानशा संग्रहालयात मी नोकरी करते. गुरुवारी दुपारी मागची खोली लोकांसाठी उघडी असते. धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं तुडवणारे हौशी लोक तेव्हा येतात. गुंड्या, बक्कलं, झग्याच्या पिना असलं काहीबाही पुढ्यात ओततात. ते काय आहे आणि किती जुनं, एवढं मी सांगते. एरवी मी तशी गोड बोलते. त्या दिवशी नाही बोलले.

“डॉक्टर, तो थर म्हणजे किटण नव्हे. पितळ मातीत हिरवं पडतं ना, त्या हिरव्यात कापडाचे धागे धरले जातात. कापड कुजून जातं, पण विणीचा ठसा उरतो. हा पट्टा कुठल्या कापडावर बांधत होते ते यावर होतं. तुम्ही ते खरवडून बेसिनमध्ये सोडलंत.”

त्याचं हसू उतरलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला बरं वाटलं.

“मग आता हे कशाचं आहे ते...”

“आता हे चमच्याचं आहे.”

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. “एक सांगू? तुम्ही रागावता तेव्हा—”

“ते वाक्य पुरं केलंत तर बक्कल तुमच्यामागून येईल.”

“—तेव्हा सगळं नीट समजतं, एवढंच म्हणणार होतो,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी काय करू?”

“काही करू नका. मातीसकट आणा.”

पुढच्या गुरुवारी त्याने टेबलावर डबा ठेवला. डब्यात ओलं फडकं, फडक्यात मातीचं भलंमोठं ढेकूळ. मी ब्रशने हळूहळू माती सोडवली. आत सोड्याच्या बाटलीचं झाकण होतं.

“हात लावला नाही बरं का,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आलं. त्याचाही रागच आला.

मग तो येतच राहिला. मी त्याला वस्तू ओळखायला शिकवत गेले. माझी पद्धत एकच: आधी पाठ बघायची. गुंडीची पुढची बाजू दाखवण्यासाठी असते, तिथे फुलं, सिंह, मुकुट काहीही असेल. मागे दोरा ओवायचं कडं कसं जोडलंय, कानशीचे ओरखडे कुठल्या दिशेने गेलेत, तुटल्यावर कुणी डाग देऊन सांधलंय का... खरं काय ते पाठ सांगते.

“मग मी तुमच्याकडे पाठ करून बसू का?” त्याने विचारलं.

“बसा. निदान बोलणं तरी कमी होईल.”

तो खरंच खुर्ची फिरवून बसला. मानेवरचे केस वाकडेतिकडे कापलेले होते. शर्टाची कॉलर आतून विरलेली होती. हा माणूस आरशात फक्त पुढून बघतो, माझ्या मनात आलं... आणि मी घाईघाईने गुंडीकडे बघू लागले.

इथे माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं. सापडेल ते खिशात कोंबते म्हणून तिला घरात सगळे खारूताई म्हणतात. शाळा सुटली की माझी आई तिला संग्रहालयात सोडते, आणि ती माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढते. तिचे बाबा दुसऱ्या शहरात राहतात. आम्ही वेगळे झालो तेव्हा ते रविवारी यायचं कबूल करायचे. ती सकाळीच बूट घालून जिन्याच्या पायरीवर बसायची. ते यायचे नाहीत. जेवायला वर बोलावलं तरी ती बूट काढायची नाही. पुढे त्यांनी कबूल करणंही सोडलं. तेव्हापासून माझा एकच नियम होता. पुन्हा कुणी माझ्या मुलीला पायरीवर बसवायचं नाही.

त्यामुळे एका गुरुवारी आई तिला सोडून निघत होती आणि टेबलाखालून आवाज आला, “आजी, रविवारी दातवाले काका मला शेतात नेणारेत,” तेव्हा माझ्या हातातली पीन खाली पडली.

“मला न विचारता?” मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हटलं.

“तिनेच विचारलं. मी हो म्हणालो. तुम्हीही चला की...”

“चलण्याचा प्रश्न नाही. तुम्ही तिला शब्द दिलात. तुम्हाला माहीत नाही हो ती काय करते त्या शब्दाचं.”

“सकाळी नक्की येतो,” तो म्हणाला. इतकं सहज, की मला त्याच्या जिभेचाच राग आला.

रविवार उजाडला. खारूताई बूट घालून पायरीवर बसली. मी खिडकीत उभी राहिले. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. मी त्याला फोन केले, तो उचलेना. आई म्हणाली, “अगं, अडकला असेल कुठे.” मी आईवरही ओरडले. जेवायला बोलावलं तर खारूताई म्हणाली, “मी इथंच खाते.” बूट पायातच.

संध्याकाळी तो आला. कोपरापर्यंत चिखल, आणि छातीशी धरलेला डबा. मी जिना उतरले ते तोंडाचा पट्टा सोडतच.

“मेलात का कुठे?”

“सकाळी इकडे यायच्या आधी जरा शेतात उतरलो. एक वस्तू लागली... कापडाची वीण होती तिच्यावर, खरीखुरी. ऊन पडलं की भुगा होईल, तुम्हीच सांगितलं होतं. टोपीची सावली धरून बसलो, बाटलीतलं पाणी शिंपडत राहिलो. भोवतीची माती हाताने कोरली. वेळ कसा गेला—”

“फोन?”

“गाडीत होता. बांधावर.”

“बांधापर्यंत जाता आलं नसतं?”

त्याने डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आलं असतं.”

त्या उत्तराने मी अजूनच भडकले. थाप मारली असती तर हाकलून देणं सोपं होतं. त्यात शिकवण माझीच. माझ्याच तोंडून ऐकलेल्या नियमासाठी त्याने माझ्या मुलीला तिष्ठत ठेवलं होतं. राग जावा तरी कुणावर?

त्याने डबा माझ्या हातात दिला आणि तो खारूताईच्या खालच्या पायरीवर बसला. माझ्याकडे बघितलंही नाही.

“मी विसरलो नव्हतो,” तो तिला म्हणाला. “आठवत होतं, तरी आलो नाही. चूक केली.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “पुढच्या रविवारी येशील?”



“सांगणार नाही,” तो म्हणाला. “तू बूट घालू नकोस. मी आलो तर घाल.”

पुढच्या रविवारी तो आला. त्यानंतरच्याही आला. शब्द न देता यायचा, पायरीवर बसायचा, तिला शेतात न्यायचा. हातमोजे घातल्याशिवाय काही उचलायचं नाही, असं मी बजावलं होतं, ते दोघंही पाळायचे. मी सोबत जायचे, पण बांधावर बसून पाय आपटायचे. त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. तो गुरुवारीही येई, खुर्ची फिरवून पाठ करून बसे. असा बसलेला माणूस समोरासमोर भांडणाऱ्यापेक्षा अवघड असतो.

डब्यातलं ढेकूळ मी सावकाश सोडवत होते. एके दिवशी आतून झग्याचा आकडा निघाला. छातीशी दोन पदर जोडायला असतो तसा, लहानसा, हिरवा, त्यावर खरोखरच विणीचा ठसा. मी कपाटाचा खण ओढला. त्याच शेतातून फार पूर्वी आलेली एक कडी तिथे एकटीच पडून होती, आकड्याशिवाय. दोन्ही शेजारी ठेवली.

तो खुर्चीसकट वळला. “जोडी?” आवाज अगदी खाली गेला होता. “जोडीच आहे ना ही?”

मला हो म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की स्वतःचीच चीड आली. मी भिंग घेतलं आणि दोन्ही उलटी केली.

“नाही.”

“नीट बघा ना...”

“बघितलं. कडीच्या पाठीवर कानस आडवी फिरलीय, आकड्याच्या उभी. घडवणारे हात वेगळे. आकडा बराच नंतरचा आहे. ही जोडी नाही, डॉक्टर. मी खोटं सांगणार नाही.”

त्याने मान हलवली. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. “ठीक आहे. उगाच वाटून गेलं.”

तो जायला उठला आणि भिंगाखाली मला ते दिसलं.

“थांबा. बसा. बसा म्हणते ना.” “कडी इथे आतून झिजलीय, एकाच बाजूला. आणि आकड्याचं टोक मुद्दाम वाकवलंय, मागून, नंतर. हे बघा...” मी आकडा हलकेच झिजेजवळ धरला. बोटभर अंतरावरूनही कळत होतं, तो तिथेच बसणार. “आधीचा आकडा हरवला असणार. कुणीतरी हा दुसरा आणला आणि वाकवून बसवला. मग वर्षानुवर्षं वापरला. नाहीतर पितळ एवढं झिजत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकमेकांसाठी घडवलेले नाहीत. पण राहिलेत एकत्र, पुष्कळ.”

टेबलाखाली रंगीत खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता.

“मला तुमचा अजून राग आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

“नाही, माहीत नाही. त्या रविवारचा तर आहेच. सगळ्यात जास्त राग याचा, की आता रविवारी तुम्हाला जरा उशीर झाला की मी खिडकीत जाऊन उभी राहते. मला ते नको होतं. कुणाची वाट बघायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि तुम्ही माझं ठरलेलं सगळं... खरवडून काढलंत. त्या बक्कलासारखं.”

त्याने हात पुढे केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. यंत्राचा आवाज आला की जमिनीकडे बघतो, तसा.

“घासायची सवय सोडलीय मी,” तो हळूच म्हणाला. “वाकवून घ्यायला मात्र तयार आहे.”

“फार बोलता तुम्ही.”

“रविवारी...” एवढं म्हणून तो थांबला. शब्द द्यायचा नाही, हे त्याचं त्याला आठवलं. वाक्य तिथेच सोडून तो गेला.

रविवारी सकाळी खारूताई अनवाणी पायरीवर बसली होती, काका आला की घालायचे म्हणून बूट शेजारी ठेवून. आई वरून म्हणाली, “अगं, चहा गार होतोय.” कपाट उघडलं, मागे पडलेले माझे शेतात चालायचे बूट काढले. फणकाऱ्याने नाड्या बांधल्या. जिना उतरले आणि लेकीच्या शेजारी पायरीवर बसले.

तिने माझ्या पायांकडे बघितलं. “आई, तू आधीच घातलेस?”

“हो,” मी म्हटलं. “आणि आज त्याने उशीर करून तर बघावा.”