लाल टेकडीवरचा लांडगा

"गाढव आलं! एकटंच आलं!" नाझलीचा धाकटा भाऊ इल्यास ओरडतच अंगणात शिरला.

नाझलीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. आजोबा पहाटे मेंढ्या घेऊन गेले होते, ते याच गाढवाबरोबर. आता दुपार कलली होती. धुकं असं दाटलं होतं की समोरचं कुंपणही दिसेना, त्यात बर्फाचा भुरभुराट! सुट्टी एप्रिलची होती खरी. पण तुर्कस्तानातल्या सिवासच्या माळावर एप्रिलचा भरवसा कोणी धरत नाही.

रिफातकाकांनी गाडी काढली. "नदीकडेच गेलेत ते. सकाळी मला सांगून गेलेत!"

"तेव्हा तर तुम्ही घोरत होतात, काका!" इल्यास म्हणाला.

"गप रे! मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस!" शेजारच्या दोघांना घेऊन काका हॉर्न वाजवत निघूनही गेले.

अंकाराहून आलेली चुलतबहीण डेफ्ने मात्र गाढवापाशी वाकली होती. "नाझली, नदीकाठची माती कसली असते गं?"

"काळी."

"मग याच्या पोटापर्यंत हा लाल चिखल कुठला?"

"लाल टेकडी!" नाझली किंचाळली. डेफ्नेने काकांना फोन लावला. त्यांनी उचललाच नाही.

नाझली आजोबांचा जुना लोकरी झगा काढायला धावली आणि जागीच थांबली. त्याच खुंटीला राखणीच्या कुत्र्याचा, चाकिरचा, लोखंडी काट्यांचा पट्टा लटकत होता! पिल्लू विकायचं म्हणून काकांनी काल तो पट्टा त्याच्या गळ्यात घालून फोटो काढले होते, आणि परत चाकिरला घालायचं विसरले होते. लांडगा धरतो तो गळाच. अंधारात निघालेल्या आजोबांच्या हे लक्षात आलं नसणार. तिने पट्टाही बरोबर घेतला.

टेकडीवर तिघं घसा फोडून ओरडली. "आजोबाऽऽ! चाकिरऽऽ!" उत्तर नाही. बोटं बधिर झाली होती.

"कुत्रा तरी भुंकेल की!" डेफ्ने रडवेली झाली.

"नाही भुंकणार. याचे डोळे उघडले ते मेंढ्यांच्या कळपात. आजोबांच्या पणजोबांपासून हीच जात राखणीला आहे. मेंढ्या सोडून हा हाकेला येत नाही, आणि ओळखीच्या आवाजावर भुंकतही नाही."

"मग भुंकतो तरी कशावर?"

नाझली थबकली. "लांडग्यावर."

इल्यासने लगेच मान वर केली. "ऊऽऽऽ!"

"हा लांडगा की पोट दुखणारी शेळी?" डोळे पुसत नाझली म्हणाली. "पोटातून काढ!"

पुन्हा. पुन्हा! आणि खालच्या घळीतून घुमल्यासारखं भुंकणं आलं. तिघं तिकडे धावली. पण भुंकणंही जवळ येत होतं, भराभर!

"खाली बसा! पळू नका!" नाझलीने झगा पुढे धरला. धुक्यातून वासराएवढा, काळ्या तोंडाचा चाकिर झेपावला. नाझली उताणी पडली. गरम श्वास तिच्या तोंडावर आला. त्याने झगा हुंगला, मग तिला हुंगलं, आणि गुरगुर थांबली. तो वळला आणि तडक घळीकडे चालू लागला.

घळीत मेंढ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध आजोबा! पाय मोडलेला, ओठ निळे. पण मेंढ्यांच्या उबेने जीव तगला होता. नाझलीने त्यांना झग्यात गुंडाळलं. डेफ्नेने पुन्हा फोन लावला, आणि या खेपेस काकांनी उचलला.

"लांडगा आला होता," आजोबा पुटपुटले. "चाकिरला म्हटलं, गळा उघडा आहे तुझा, जाऊ नकोस. ऐकेल तर शपथ!"

इल्यास चाचरत म्हणाला, "आजोबा, तो लांडगा मीच होतो."

आजोबा हसले, आणि हसता हसता रडले. "शाबास रे माझ्या लांडग्या! आणि पोरींनो, तुम्हीही! तुमच्या काकाला म्हणावं, शीक जरा यांच्याकडून!"

काका आले ते मान खाली घालूनच. त्यांनी पट्ट्यासाठी हात पुढे केला. नाझलीने तो दिला नाही.

तिनेच पट्टा चाकिरच्या गळ्यात बांधला. लांडगा खराच आहे असं समजून तो उघड्या गळ्याने धावून आला होता. "माफ कर हं," ती त्याच्या कानात म्हणाली.

चाकिरचं लक्ष नव्हतं. एक कोकरू कळपापासून लांब चाललं होतं, त्याच्याकडे तो बघत होता.