दुशांबेला थांब

पाहुण्यांना आपल्या शहराची जन्मकथा सांगताना सव्सन सहसा अडखळत नसे. त्या सकाळी मात्र ती अडखळली, आणि त्याला कारण झाला वरून पडलेला एक प्रश्न.

समरकंदहून आलेल्या पर्यटकांना तुतीच्या सावलीत उभे करून ती सांगत होती की, इथे पूर्वी दर सोमवारी बाजार भरे. सोमवार म्हणजे दुशांबे, आणि बाजाराचा वार तोच गावाचे नाव झाला. पुढे गावाची राजधानी झाली, मधली तीस-बत्तीस वर्षे तिच्यावर एका परक्याचे नाव लादले गेले, आणि ते पुसल्यावर सोमवार पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

“आणि बाकीचे सहा दिवस हे गाव काय करायचं, बाई?”

रस्त्यालगतच्या नव्या चहाखान्याच्या परांचीवर बसून एक तरुण लाकडी खांबावर वेल कोरत होता. बोटे तुतीच्या रसाने जांभळी झालेली, आणि बोलण्यात उत्तरेचा हेल.

“तुम्ही खुजंदचे दिसता,” सव्सन म्हणाली. “बाकीचे सहा दिवस आम्ही तुमच्यासारख्या वाट चुकलेल्यांना रस्ता दाखवायचो.”

पाहुणे हसले. तरुणही हसला, आणि संध्याकाळी परांचीवरून उतरून रस्ता विचारायला आला…

त्याचे नाव मनुचेहर. खुजंद सिकंदराच्या काळचे, तिथे सीर नदी आहे, जर्दाळू आहेत. इथे काय, एक वार! असा त्याचा युक्तिवाद. सव्सनने हट्टाने त्याला हिसोरच्या किल्ल्याचा दरवाजा दाखवला, संग्रहालयातला निजलेला मातीचा महाकाय बुद्ध दाखवला. बुद्धाला तो पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत गेला. मग तिच्या कानाशी पुटपुटला, “इतकी शतकं निजलाय… तुमच्या बाजाराच्या गलक्यानेसुद्धा उठला नाही.” तिला हसू आवरेना; पहारेकऱ्याने डोळे वटारले. बाहेर येता येता तिने त्याच्या केसांत अडकलेली लाकडाची ढलपी अलगद काढली, आणि ती टाकून द्यायचे मात्र तिला सुचले नाही.

चैत्रातल्या कळीसारखे जे उमलत होते, त्याला दोघांनीही नाव दिले नव्हते. खांब पुरे झाले तेव्हा मनुचेहरनेच ते दिले.

“आईला सांगायला घरी जातो. ती हो म्हणाली, तर शनिवारी तू खुजंदला ये. नाही म्हणाली, तर…”

त्याची आई मानी बाई होती, आणि घाटाच्या दक्षिणेकडच्या मुलींना पुलाव जमत नाही, असे तिचे ठाम मत होते.

शुक्रवारी त्याचा निरोप आला. दोनच शब्द: “दुशांबेला थांब.”

म्हणजे खुजंदला येऊ नकोस. आई नाही म्हणाली. सव्सनने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, आणि उत्तर दिले नाही. तिला लहानाची मोठी करणाऱ्या खालाने, म्हणजे मावशीने, काय झाले म्हणून विचारले, तेव्हा काही नाही, असे सांगून ती कांदा चिरायला बसली; डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त हवे होते.

सोमवारी तिची सुट्टी असे. पण घर खायला उठले होते. तिने हिसोरची फेरी मागून घेतली. सकाळी फेरीची गाडी गल्लीत येऊन भोंगा वाजवू लागली. तिने दार उघडले, तर समोर मनुचेहर… कडक इस्त्रीचा सदरा घालून. त्याच्यामागे, हातांवर भरतकामाच्या रुमालात बांधलेली नान-रोट्यांची चळत तोलून धरलेली, एक धिप्पाड बाई.

बाईने सव्सनच्या खांद्यावरची पिशवी पाहिली आणि तिचा चेहरा कठोर झाला.

“ही तर निघाली. चल परत. आपण नकोसे आहोत इथे.”

उंबऱ्यावरून परतलेली मागणी ही बाई पुन्हा घेऊन येणारी नव्हती. हे न सांगताच कळत होते.

“थांब म्हटलं होतं ना तुला?” मनुचेहर कळवळून म्हणाला.

“येऊ नकोस, असंच ना ते?”

“कोण म्हणालं? दुशांबेला थांब… सोमवारी घरी थांब! आज वार कुठला आहे?”

ज्या नावाचा अर्थ ती रोज परक्यांना समजावून सांगत असे, त्याच नावाने तिला चकवले होते.

“मला वाटलं, शहर…”

“मग विचारायचंस तरी. तू गप्प राहिलीस, मी तो होकार धरला.”

“होकार नव्हता तो. राग होता.”

आई एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. मग तिचे खांदे हलू लागले.

“अरे, खांबावर मैलभर वेली कोरतोस. ‘आईला घेऊन येतोय’ एवढं लिहायला हात दुखले?” आणि ती सव्सनकडे वळली. “हे बघ, पोरी. गप्प बसण्याचा अर्थ मी लावत बसत नाही. मला तोंडाने ऐकायचंय. हवाय का हा?”

शतकांचा इतिहास एका दमात सांगणाऱ्या सव्सनला तीन अक्षरे जड झाली.

“हवाय…” ती म्हणाली. “पण आधीच सांगते. पुलाव मला खरंच जमत नाही.”

“ते माझ्यावर सोड.”

खालाने तिथल्या तिथे जेवणाचे वस्त्र, दस्तरखान, अंथरले आणि बिस्मिल्ला म्हणून नान मोडली. नान मोडली की मग शब्द मोडता येत नाही.

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. मनुचेहरने लगबगीने सव्सनची पिशवी उचलली, तशी आईने ती त्याच्या हातून काढून घेतली.

“तू कुठे? नान मोडली, निकाह नाही झाला अजून. बस इथे, चहा पी. एवढा घाट उतरून आलेय, तर त्यांचं ते हिसोर मीच बघून येते.”

ती पुढच्या आसनावर ऐसपैस बसली. मागच्या काचेतून सव्सनने पाहिले: गल्लीत एकटा उभा राहून मनुचेहर वेड्यासारखा हात हलवत होता. तिनेही हलवला, गाडी वळेपर्यंत.

तेवढ्यात पुढून प्रश्न आला, खुजंदच्या तटबंदीपुढे हा किल्ला म्हणजे कालचं पोरच ना? सव्सनकडे उत्तर होते, सनावळीसह होते. तिने तोंड उघडले, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, ती एक वाद हसत हसत हरली.