झाकलेल्या डोळ्याचे ग्रहण

दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून चष्मेवाल्याने दुर्बिणीची नळी खांद्यावर घेतली, भिंगांची पेटी काखेत मारली आणि तो गच्चीच्या जिन्याकडे वळला. शेजारचा औषधवाला आपल्या दाराशी उभा राहून आभाळाचा अंदाज घेत होता.

"काय डॉक्टर, आज चंद्राला नंबर लागणार वाटतं?"

"ताईला ग्रहण दाखवायचंय."

"या ढगांतून? अहो, चंद्रानं आज रजा टाकलीय. त्यापेक्षा माझा चष्मा बघा. नवा करून दिलात खरा, पण मधूनच अंधुक दिसतं."

"उद्या सकाळी या."

हे उत्तर जरा घाईने आले, आणि त्याला कारण होते. औषधवाल्याच्या डोळ्यांत काडीचाही दोष नव्हता. त्याच्या चष्म्यात शून्य नंबरच्या, म्हणजे निव्वळ साध्या काचा होत्या. प्रत्येक चष्मेवाल्याच्या वाट्याला अशी काही गिऱ्हाइके येतातच, ज्यांचे कोणत्याही भिंगाने समाधान होत नाही. त्यांच्यासाठी हा गृहस्थ शून्याची काच चौकटीत सरकवी आणि अगदी मृदू आवाजात विचारी, "आता बरं, की मगाशी?" समोरचा हमखास म्हणे, "आता." त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असे. ताईला ही युक्ती मुळीच पसंत नव्हती. "लोकांच्या तोंडून हवं ते वदवून घेतोस आणि त्याला तपासणी म्हणतोस," असे तिने त्याला कैकदा सुनावले होते.

आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता तिची दृष्टी कडेकडेने विझत चालली होती, जणू कोणी बाहेरून एकेक खिडकी लावून घेत असावे. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. कशाचाही हट्ट न धरणाऱ्या तिने एकच गोष्ट मागितली होती: ग्रहणात तांबडा झालेला चंद्र एकदा पाहायचा. पूर्वी जेव्हा जेव्हा ग्रहण आले, तेव्हा धाकट्याचा ताप तरी होता, नाहीतर त्याची परीक्षा. "तुझ्या पायी माझे सगळे चंद्र बुडाले," ती हसत म्हणे. यानंतरचे ग्रहण अनेक वर्षांनी दिसणार होते, आणि तिचे डोळे तितके थांबणार नव्हते.

गच्चीवर ताई आधीच खुर्चीत शाल पांघरून बसली होती. ओल्या सिमेंटचा आणि गंजल्या लोखंडाचा वास येत होता. टाकीच्या तोटीतून पाणी ठिबकत होते, आणि दोन थेंबांमधली शांतता दर वेळी किंचित लांबत असल्यासारखी वाटत होती. मावळतीचा उजेड ओसरला. चंद्र उगवायची वेळ झाली, टळली. पूर्वेला ढगांची भिंत तशीच उभी होती.

"आला का रे?"

"येईल. जरा दम धर."

"मी धरीन, बाळ्या. त्याला कोण सांगणार?"

असे बऱ्याच वेळा झाले. मग ताईला खोकल्याची उबळ आली, आणि ती शालीत तोंड लपवून म्हणाली, "राहू दे. नाही माझ्या नशिबात. तू उगाच खटाटोप केलास."

ती रागावली असती तर त्याने सोसले असते. तिने त्याची समजूत घालावी, हे मात्र त्याला सोसेना. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, दांडीच्या टोकाला, दुधी काचेचा एक वाटोळा दिवा होता. तिन्हीसांजेला तो आपोआप लागे. चष्मेवाल्याने आवाज न करता दुर्बीण त्याच्याकडे वळवली. आत डोकावून पाहिले. नळीतून सगळे उलटे दिसते, तसा तो दिवाही दांडीसकट उलटा टांगलेला, पांढराशुभ्र, भरीव असा दिसला. कमी होता तो केवळ तांबडा रंग, आणि दोन्ही डोळे मिळून पाहतात की नाही हे तपासायची लाल काच तर पेटीत होतीच. त्याने पेटीत हात घातला. खाचा त्याच्या बोटांना पाठ होत्या. त्या घटकेला आपल्याच हाताकडे पाहण्याचे धैर्य त्याला नव्हते, म्हणून त्याने मान फिरवून, चाचपूनच काच काढली आणि दुर्बिणीच्या डोळ्यापाशी बसवली.

"ताई, ये. ढग फाटलेत."

त्याचे कान तापले. चाळिशी उलटलेला माणूस शाळकरी पोरासारखा अंधारात उभा राहून घाम पुसू लागला. तिला हाताला धरून त्याने दुर्बिणीशी आणले. ती वाकली. तिने डोळा नळीला टेकवला. आणि त्याच्या तोंडून सवयीने तो प्रश्न निघून गेला.

"आता बरं, की मगाशी?"

"आता," ताई म्हणाली. "आता दिसतोय."

तो सुटकेचा श्वास टाकणार, तोच ती हळूच म्हणाली, "वरच्या कडेनं खाल्लाय रे थोडासा."

चष्मेवाला मनात खिन्नपणे हसला. गिऱ्हाइकेही अशीच नसलेले पाहतात. पलीकडचा दिवा साध्या डोळ्यांना अखंड दिसत होता.

"सावली उतरतेय. किती सावकाश... तांबडा होत चाललाय. तांब्याच्या भांड्यासारखा." तिच्या आवाजात लहान मुलीचा आनंद होता, आणि त्या आनंदापुढे त्याला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. मग ती थबकली.

"बाळ्या, मधे कोण आलं?"

"कुठे मधे?"

"चंद्राच्या पुढे. सरळ उभा आहे. एका डोळ्यावर हात धरलाय... तुझ्या दुकानात धरतात ना, तसा."

त्याने दिव्याकडे पाहिले. गच्ची मोकळी होती.

"ढगाची सावली असेल."

"ओठ हलताहेत त्याचे. वाचतोय काहीतरी..." ताईने डोळा न काढता आवाज आणखी उतरवला. "की विचारतोय?"

टाकीचे ठिबकणे केव्हा थांबले, ते त्याला कळले नव्हते. त्याने तिच्या खांद्याला धरून जवळजवळ ओढलेच. "चल ताई, गारठा वाढलाय."

जिन्याच्या वळणावर ती उभी राहिली. त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"तुला एक सांगायचं होतं. रागावू नकोस. बरेच दिवस झाले, मला काहीच दिसत नाहीये. उजेडसुद्धा नाही."

"अगं, पण परवा दुकानात मी विचारलं तेव्हा..."

"तू 'आता बरं का' म्हणून विचारायचास, मी 'आता' म्हणायची. तुझा चेहरा पडलेला ऐकू येतो रे मला. आजही तेच करणार होते. दिसतोय म्हणणार होते, तुझ्यासाठी. पण बाळ्या, आज खरंच दिसला. तूही पाहिलास ना?"

आयुष्यभर डोळे तपासणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या हातांखाली, एक जोडी डोळे विझले होते आणि त्याला पत्ताही लागला नव्हता. निदान दिव्याचे तरी तिला खरे सांगून टाकावे, असे त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. "हो," तो म्हणाला. "पाहिला."

तिला खाली पोचवून तो सामान आणायला परत वर आला. दुर्बिणीच्या डोळ्यापाशी बसवलेली काच त्याने काढली आणि दिव्याच्या उजेडात धरली. ती लाल नव्हती. ती काचच नव्हती. तपासणीच्या वेळी एक डोळा पूर्ण झाकण्यासाठी जी काळी चकती असते, ती होती. तिच्यातून सूर्यसुद्धा दिसत नाही. पेटीत ती लाल काचेच्या शेजारच्याच खाचेत राहते.

त्याच वेळी पूर्वेचे ढग थोडेसे विरळले. चंद्र खरोखरच ग्रासलेला होता, तांब्याच्या रंगाचा होऊ लागलेला, आणि सावलीने त्याला खालच्या कडेने धरले होते. खालच्या. म्हणजे दुर्बिणीतून ती वरचीच कड दिसली असती. ताईने बिनचूक सांगितले होते.

दुर्बीण सगळे उलटे करते, हे तो शिकाऊ उमेदवारालाही पहिल्या दिवशी सांगे. ताईला आकाशातला चंद्र उलटाच दिसला होता. मग तिला जो सरळ उभा दिसला, तो नळीच्या पलीकडे नव्हताच. याच्या पुढचा विचार त्याने केला नाही. दुर्बिणीला डोळा लावून पाहण्याचीही त्याला छाती झाली नाही. पेटी मिटून, दोन्ही हातांनी तिचे झाकण दाबून धरीत, तो जिना उतरला.

सकाळी दुकान उघडते न उघडते तोच औषधवाला येऊन उंच खुर्चीत बसला. ऊन छान पडले होते. रात्रीच्या गोष्टी उन्हात जशा पोरकट वाटतात, तशी कालची गोष्टही वाटू लागली होती. या माणसाला आज तरी खरे सांगून टाकायचे, तुमचे डोळे धडधाकट आहेत, चष्मा फेका, असे चष्मेवाल्याने रात्रभर जागून ठरवले होते. ताईला मग सांगायचे. एक लाज फेडली की दुसरीचे बळ येईल.

"मग डॉक्टर, दिसला का काल तुमचा चंद्र?"

"बोलू नका. समोरची पाटी वाचा." त्याने चाचणीची चौकट औषधवाल्याच्या नाकावर बसवली आणि डाव्या बाजूला काळी चकती सरकवली.

औषधवाल्याने वरच्या ओळी घडाघडा वाचल्या. मग तो अडखळला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, फक्त त्यातला माणूस निघून गेल्यासारखे.

"पुढे वाचा. दिसतंय ना?"

"पाटी दिसतेय... तुम्ही त्यांना जरा बाजूला व्हायला सांगता का?"

दुकानात दोघेच होते. चष्मेवाल्याचा हात हवेतच राहिला. "कोणाला? कुठे आहे?"

"इकडे." औषधवाल्याने बोट उचलून काळ्या चकतीला हलकेच टेकवले. "या बाजूला. अगदी पुढ्यात उभे आहेत." आणि मग, जवळजवळ श्वासातच: "एक डोळा झाकला होता त्यांनी... आत्ताच हात खाली घेतला."