पलंगाशेजारचं बटण

माणूस म्हातारा झाला, त्यातून एकटा राहतो, म्हणजे त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायची गरज नाही, हे तुम्ही सगळ्यांनी कधी ठरवलंत? एका निवृत्त नकाशाकारांकडे कॉम्प्युटर दुरुस्त करायला तीन कारागीर येऊन गेले. एकानेही स्क्रू ढिला केला नाही. "जुना झालाय काका, नवा घ्या," म्हणाले आणि जिना उतरून मोकळे झाले.

चौथी आली ती दुरुस्तीवाली. वयाने लहान, पण गुळाला मुंगळा चिकटावा तशी कामाला चिकटणारी. बिघाड सापडल्याशिवाय ती उठत नसे आणि नसलेला बिघाड कधी कुणाला सांगत नसे. या दुसऱ्या गोष्टीचा तिला अभिमान होता.

दुपारचे तीन वाजले होते. दारातच तिचा फोन वाजला. आईचा. आई दुसऱ्या गावी एकटीच राही आणि दिवसातून चारदा फोन करी, तेही 'जेवलीस का' एवढंच विचारायला. तिने फोन सायलेंटवर टाकला.

"काय होतं नेमकं, काका?"

"चालता चालता बंद पडतो. कधी आपला आपण सुरू होतो, कधी नाही. जरा मोठ्याने बोल पोरी, मला कमी ऐकू येतं."

टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. कॉम्प्युटरचा मुख्य डबा, म्हणजे कॅबिनेट, आतल्या खोलीत होतं. त्यातल्या पंख्याची घरघर घरातल्यांना सोबत वाटे, म्हणून भिंतीला भोक पाडून वायरी इकडे घेतल्या होत्या, असं काका म्हणाले. 'घरातले' म्हणजे कोण, ते तिने विचारलं नाही. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

आत एक लोखंडी पलंग. चादर ताणून घातलेली. औषधी तेलाचा जुना, गोडसर वास. उशाशी स्टुलावर कॅबिनेट, आणि त्याचं बटण झोपल्या जागेवरून हात पोचेल असं.

तिने धूळ झटकली. रॅम काढून पुन्हा बसवली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. वीजपुरवठ्याची पेटी काढून स्वतःची जोडली. पंखा एका लयीत फिरू लागला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. एकटी माणसं सोबतीपायी काय काय बिघडवून ठेवतात ते तिने पाहिलं होतं. हे गृहस्थच बंद करत असतील, असं तिला आता वाटू लागलं. म्हणून ती कॅबिनेटसमोर जमिनीवर बसून राहिली.

टक्.

पंखा थांबला. खोलीत एवढी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"गेला बघ!" बाहेरून काका ओरडले. ते बाहेर होते. तिचे दोन्ही हात तिच्याच मांडीवर होते.

तिने भिंतीवरचा स्विच बंद-चालू करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि बाहेर येऊन नोंदी उघडल्या. कॉम्प्युटर कधी आणि कशाने बंद झाला, हे त्यात लिहिलेलं असतं. या आठवड्यात अकरा वेळा. अकराही वेळा कारण एकच: बटण दाबलं.

"काका, त्या बटणाला कुणी हात लावतं?"

काकांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, "माझी बहीण लावायची."

"कुठे असतात त्या?"

त्यांनी आतल्या पलंगाकडे पाहिलं.

"तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. उजवा हात तेवढा चालायचा. आणि मी हा असा बहिरा. मग युक्ती काढली. तिने बटण दाबायचं, माझा पडदा काळा झाला की मी उठून आत जायचं."

"चांगली युक्ती होती."

"दिवसातून दहादा दाबायची गं! पाणी नको, औषध नको. नुसती बघायची आणि हसायची. माझं काम मात्र उडून जायचं. एक दिवस चिडलो... बटणाची वायर काढून ठेवली. म्हटलं, एक दुपार. नकाशा पुरा होईपर्यंत."

"मग?"

"नकाशा पुरा झाला. आत गेलो... बोट बटणावरच होतं तिचं."

ती आत गेली. कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला. बटणाची दोन पदरी वायर सुटी लोंबत होती, टोकाला काळी टेप. मघाशी झटकूनही टेपवरची धूळ हलली नव्हती.

"परत जोडली नाहीत?"

"हात धजला नाही. भिंतीवरचा स्विच लावला की सुरू होतो. तशी सेटिंग आहे." ते दारात उभे होते, चौकट धरून. "पोरी... बिघाडच आहे ना? एवढंच सांग. बिघाड आहे म्हण, म्हणजे मला झोप लागेल."

तिने टॉर्च विझवला. मग आयुष्यात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाशी खोटं बोलली.

"हो काका. बटण खराब झालंय. काढूनच नेते."

स्क्रू फिरवून तिने बटण तळहातावर घेतलं. ते कोमट होतं. कुणीतरी आत्ताच बोट उचललं असावं तसं.

काका पुन्हा खुर्चीत बसले. पडदा लख्ख उजळलेला होता.

"म्हणजे आता बंद पडणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

तिने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. ती जिना उतरली तेव्हा ते तसेच पडद्याकडे बघत होते.

दुकानात वायरींना डाग देणारे, म्हणजे सोल्डरिंग करणारे, मामा चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांना सगळ्याचीच थट्टा. तिने आत पाऊल टाकलं तेव्हा खिशात बटण फोनवर टकटक आपटत होतं. फोन अजून सायलेंटवरच होता; आईला उलट फोन करायचा राहूनच गेला होता.

मामांनी मानही वर केली नाही.

"तुझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा मघापासून तीनदा काळा झालाय. इथे तर मी एकटाच. बघ बाई, कोण बोलावतंय तुला."