तिसरी चिठ्ठी

"आकडा आधी कागदावर, मग तोंडात." आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं. त्या निवृत्त झाल्या, मग गेल्याही. पण मी ते वाक्य देवाचा नेम म्हणून धरलं. पहिली मोजणी लिहून होईपर्यंत मौन. रोज, गेली एकवीस वर्षं.

"काकू, तुमच्या मौनामुळे मला दोघींच्या वाटणीचं बोलावं लागतं," माझी कामातली जोडीदारीण म्हणते. तिचा घसा बसला की दोष माझ्या देवाला.

आम्ही गोठवलेल्या स्टेम सेल तपासतो. रक्त ज्यांच्यापासून तयार होतं त्या मूळ पेशी. दात्याच्या पेशी पिशवीत भरून नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, आणि त्यांतलेच काही थेंब चाचणीसाठी छोट्या नळ्यांत, त्याच टाकीत. पिशवी रुग्णाला चढवायच्या आधी एक नळी वितळवायची, निळा रंग घालायचा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही, स्वच्छ चमकते. दोघींनी वेगवेगळं मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची, मग दोन्ही एकदम उलटायच्या. शंभरात जिवंत पेशी सत्तरच्या खाली निघाल्या तर पिशवीचा भरवसा नाही.

त्या सकाळची पिशवी सहा वर्षांची होती. एका सात वर्षांच्या मुलीने तीन वर्षांच्या धाकट्या बहिणीसाठी दिलेली. धाकटी तेव्हा औषधांवरच बरी झाली आणि पिशवी राहून गेली. पुढच्या वर्षी थोरली तापाने गेली. आता धाकटीचं दुखणं उलटलं होतं.

नियम असा, की आधी आमची तपासणी, मग रुग्णाला ते जहाल औषध, ज्याने तिची स्वतःची अस्थिमज्जा पार पुसून निघते. पण पिशवीच्या कागदावर 'त्र्याण्णव' लिहिलेलं होतं. तो गोठवतानाचा आकडा. वॉर्डात कुणाला तरी तो ताजा वाटला. तपासणीसाठी आमच्याकडे निरोप आला तेव्हा औषध देऊन चार दिवस झाले होते. मागे फिरायला वाटच नव्हती.

मुलींची आई दाराशी बसून होती. "मॅडम, थोरलीचं एवढंच उरलंय," ती म्हणाली. "तेही तुमच्याकडे."

मी मान हलवली. मौन होतं.

मोजलं. चिठ्ठ्या उलटल्या. माझा आकडा अडतीस. जोडीदारणीचाही अडतीस.

"काकू," ती इतक्या हळू आवाजात पहिल्यांदाच बोलली, "आता?"

डॉक्टरांना फोन केला. "दुसरा दाता मिळायला तीन आठवडे," ते म्हणाले. "तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत."

नळी अजून एक होती. तीही तपासू म्हटलं. टाकीचं झाकण एकटीने उघडायचं नाही असा नियम, म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावून दोघी टाकीच्या खोलीत गेलो. पोहोचल्यावर लक्षात आलं, रजिस्टर टेबलावरच राहिलं. कुलूप काढून दोघी परत आत आलो.

टेबलावर तीन चिठ्ठ्या होत्या. तिसरी पालथी.

"तू लिहिलीस?"

"मी? माझं अक्षर इतकं चांगलं असतं तर आईने मिठाई वाटली असती."

आमच्याच वहीचा कागद. पण पेन्सिलीने लिहिलेलं, आणि आमच्याकडे पेन्सिल नसते. मोठे, गिरवलेले आकडे, इतके दाबून की मागून बोटाला लागत होते. सत्त्याण्णव.

मी पुन्हा डोळा लावला. तीच काच, तेच थेंब, चाळीस मिनिटांनी. उशीर झाला की निळ्या पेशी वाढतात. कमी झालेल्या मी एकवीस वर्षांत पाहिल्या नाहीत.

त्या पेशी धुतलेल्या तांदळासारख्या शुभ्र दिसत होत्या.

चार वेळा मोजलं. सत्त्याण्णव. माझा आकडा न बघता जोडीदारणीने मोजलं. सत्त्याण्णव. गोठवताना होत्या त्याहूनही जास्त.

डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगितले. त्यांनी दोन्ही पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "चढवतो." दुपारी पिशवी वितळवली. मी हात जोडले; आधी देवाला, मग त्या सात वर्षांच्या मुलीला. आधीच्या दोन, नंतरच्या दोन आणि ती पेन्सिलीची, पाचही चिठ्ठ्या फाइलला लावल्या. दुसरी नळी टाकीतच राहिली.

बाराव्या दिवशी धाकटीच्या रक्तात नव्या पेशी दिसल्या. आईने माझे दोन्ही हात धरले. देवाने असा दिवस दाखवला म्हणून मी तिथेच, जिन्यात, डोळे मिटून उभी राहिले.

मग आईने मला वरती नेलं. धाकटी काचेपलीकडच्या खोलीत होती. बोलायला भिंतीवर स्पीकरचा फोन होता.

"तुम्ही मोजणाऱ्या काकू ना?"

"हो गं."

"ताई म्हणते, तुम्ही फार हळू मोजता. तिचं कधीच मोजून झालं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या चिठ्ठीबद्दल तिला कुणी बोललं नव्हतं.

"आणखी काय म्हणते?" मी विचारलं.

"उरलेलं तिला परत हवंय. तिथे फार थंडी वाजते म्हणाली."

"देते."

"नक्की?"

"नक्की."

उरलेली नळी ताब्यात घेण्याच्या कागदावर आईने सही केली. थोरलीची राख ज्या झाडाच्या मुळाशी आहे ते झाड कुठे, तेही सांगितलं. टेकडीवर, दवाखान्यापासून चालत अर्धा तास.

आज सकाळी जोडीदारणीने झाकण धरलं. मी नळी काढली, रुमालात गुंडाळली, खांद्यावरच्या पिशवीत ठेवली.

"मी येऊ का, काकू?"

मी नको म्हणून मान हलवली.

फाटकाबाहेर गाड्या धावत होत्या. रस्ता ओलांडताना मी डावा हात जरा खाली, बाजूला धरला, लहान मूल बरोबर असलं की धरतो तसा. का, ते मला सांगता येणार नाही.

हात रिकामा राहिला नाही.

फार गार होती ती बोटं. मी ती मुठीत घेतली आणि टेकडीकडे चालू लागले.