उडालेलं पाणी

बाबा गेल्यावर घरातली बरीच कामं आपोआप थांबली. बिनसाखरेचा तिसरा कप थांबला, प्लास्टरचे डाग पडलेले शर्ट भिजवायचे थांबले, फोन उचलल्यावर 'हॅलो'ऐवजी 'बोला' म्हणणारा आवाज थांबला. टाकीतलं पाणी उडायचं मात्र थांबलं नाही. दिवसभरात ते बोटाच्या पेराएवढं खाली जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालातरी ते भरावं लागायचं. ते कोणीतरी आता लेक होती.

टाकी हॉलमध्ये होती, खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्या मधल्या भिंतीशी. दोन उशा शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल तेवढीच. पण आत समुद्र होता. सच्छिद्र दगडांचा एक छोटा डोंगर, त्यावर शर्टाच्या बटणांएवढी, हिरव्या-केशरी तोंडांची प्रवाळं, आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी. त्यातली मोठी मादी टाकीत येणाऱ्या प्रत्येक हाताला चावायची. आई तिला हेडबाई म्हणायची. बाबांच्या हाताला मात्र हेडबाई चावत नसे. उलट त्यांच्या तळव्यावर आडवी पडून राहायची.

बाबा दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचे. "इथले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," हा त्यांचा ठरलेला विनोद. काम कमी केल्यावर त्यांनी ही टाकी मांडली, तीही कवळ्यांच्याच चिकाटीने. आधी कित्येक महिने आत नुसते दगड आणि पाणी. पाहुणे विचारायचे, मासे कुठायत? बाबा म्हणायचे, पाणी तयार होतंय. मग आई पाहुण्यांना सांगायची, "बसा तुम्ही, पाणी बघा. आमच्याकडे करमणूक तीच आहे." दगडांच्या मागे काय चाललंय ते बघायला बाबा दात तपासायचा आरसा वापरायचे, आणि दगडांवरचं हट्टी शेवाळ खरवडायला दाढेतली कीड काढायचं हत्यार.

इस्पितळात शेवटच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी लेकीला खुणेनेच जवळ बोलावलं होतं. ती वाकली. "टाकीत पाणी घालत जा," ते म्हणाले. कुठलं, ते सांगायला त्यांना दम पुरला नाही आणि तिलाही विचारायचं सुचलं नाही.

आईला घेऊन तिने आपल्या घरी जायचं, हे ठरलं होतं. टाकी एवढ्या लांब नेण्यासारखी नव्हती. बाबांचे मित्र, ज्यांच्यासाठी त्यांनी सगळ्यात जास्त कवळ्या केल्या ते डॉक्टरकाका, ती आपल्या दवाखान्यात ठेवणार होते. सुताराकडून स्टँड तयार होऊन आलं की न्यायची. तोवर ती जिवंत ठेवायची. लेकीला बाकी काही नको होतं. घरातली बाबांची प्रत्येक वस्तू ज्या क्षणी त्यांनी ठेवली त्या क्षणी थिजली होती. फक्त टाकीत त्यांनी सुरू केलेलं काहीतरी अजून वाढत होतं. ते आपल्या हातून मरू नये, एवढंच तिला वाटत होतं.

बाल्कनीत झाकणांचे दोन पिंप होते. बोट बुडवून तिने चव घेतली. एकात साधं गाळलेलं पाणी, दुसऱ्यात खारं. समुद्राच्या टाकीत समुद्राचंच पाणी घालायचं, यात अडण्यासारखं काय आहे, असा तिने विचार केला आणि खाऱ्या पिंपातला मग भरला. ते पिंप संपल्यावर डब्यातलं मीठ मोजून, ढवळून तिने नवं पाणी केलं. ती मुद्रितं तपासायचं काम करायची. मापात चुकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

एकदा काच पुसताना तिच्या हाताचा धक्का लागून प्रवाळाचा एक तुकडा दगडामागे पडला. लांब चिमटा आत घालून पाहिला, पण पोचेना. हेडबाईने मनगटाला चावून घेतलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर तुकडा जागेवर उभा, दिव्याकडे किंचित कललेला. आपल्या चिमट्याने तो सरकला असावा आणि आपल्याच लक्षात आलं नसावं, असं तिने मानलं. मानायला फार कष्ट पडले नाहीत.

डॉक्टरकाका एका संध्याकाळी मापं घ्यायला आले. टाकीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"छान ठेवलीयस गं. रोज भरतेस ना? साधंच घालतेस ना पाणी?"

"नाही. खारं."

ते सावकाश सरळ झाले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अगं, मासे खारवायला घातलेस की काय!" ते मटकन खुर्चीत बसले. "पाणी उडतं ते एकटंच उडतं. मीठ इथेच राहतं. त्यात तू रोज आणखी मीठ ओततेस! एव्हाना आत काही उरायलाच नको होतं."

बाबांची खारटपणा मोजायची नळी कपाटात होती. काकांनी तिच्या काचेवर थेंब टाकला, नळी खिडकीकडे धरून डोळा लावला. मग काच पुसली. पुन्हा थेंब. पुन्हा डोळा.

"अगदी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "केसाचाही फरक नाही. असं होत नसतं."

आई चहा घेऊन आली. "वहिनी, तुम्ही मधेमधे यातलं थोडं पाणी काढून साधं घालता का?"

"मी? मी त्या काचेला बोट लावलं असतं तर यांनी मला माहेरी पाठवलं असतं."

काका हसले, पण नुसतेच तोंडाने. जाताना पुन्हा टाकीपुढे थांबले. उजवीकडची प्रवाळं मिटून काळपट पडली होती. डावीकडची सगळी उघडी होती. "आत्ता कोणी हात घातला होता का आत? हात गेला की ही अशी मिटतात."

"नाही," लेक म्हणाली. दुपारभर ती टाकीशेजारीच काम करत बसली होती.

"उद्यापासून साधं पाणी," ते चपला घालत म्हणाले, आणि चहा तसाच राहिला हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साधं पाणी घातलं नाही. मुद्रितात एखादी ओळ खटकली की पुन्हा मूळ प्रतीशी ताडून बघायची तिला सवय होती. तिने मुद्दाम कडक खारं पाणी केलं, टाकी काठोकाठ भरली आणि नळीतून पाहिलं. आत खारटपणा दाखवणारी निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा नेहमीच्या खुणेवरून वर सरकली होती. म्हणजे नळी बिघडलेली नव्हती. मग कागद मांडून ती टाकीसमोर बसली.

ऊन खिडकीतून कपाटावर आलं. आई आत पडली होती. पंपाची बारीक घरघर चालू होती.

दगडाच्या मागच्या कोपऱ्यातलं प्रवाळाचं एक बटण मिटलं.

मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं. एका रांगेत, घाई न करता, मागून पुढे.

पाणी चढू लागलं. पंप तसाच चालू होता, वरून काही पडत नव्हतं. तरी काठोकाठचं पाणी फुगलं, काचेवरून ओघळलं आणि फरशीवर ठिपकलं. आत एक हात कोपरापर्यंत गेला तर जेवढं सांडावं, तेवढंच.

हेडबाई दगडाखालून बाहेर आली. मधल्या मोकळ्या पाण्यात थांबली.

आणि आडवी पडली.

खाली काही नव्हतं. ती हळूहळू उचलली जात होती, पुन्हा खाली येत होती. जसं कोणी झोपलेल्या मुलाला मांडीवर हलवतं.

लेकीला ओरडावंसं वाटलं नाही. तिला फक्त श्वास मोठ्याने घ्यायची भीती वाटली.

थोड्या वेळाने पाण्याची पातळी उतरली, आधी होती त्याहूनही खाली. मग ती पुन्हा, पेल्यापेल्याने चढावी तशी, काठाला आली. लेक उठली. नळीतून पाहिलं; रेषा जागेवर होती. बाल्कनीत सकाळी पालथी घातलेली बादली आता उताणी होती आणि तिच्या तळाशी पाणी होतं. कोमट. तिने बोट बुडवून चाटलं. खारट.

वळली तेव्हा आई दारात उभी होती.

"आई, मी चुकीचं पाणी घालत होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"साधं पाणी, साधं पाणी, म्हणून यांनी माझे कान किटवलेत. टाकीतलं दुसरं काही कळत नाही मला, पण हे पाठ आहे."

"मग बोलली का नाहीस?"

आईने फरशीवरचे थेंब पायपुसण्याने टिपले. "पहिल्या दिवशी सांगणारच होते. पण दुपारी ते येऊन नीट करून गेले. म्हटलं, असू दे. रिकामं बसवत नाही त्यांना. काहीतरी काम नको का?"

 दुसऱ्या दिवसापासून लेकीने साधं पाणी घालायला सुरुवात केली. तेच बरोबर होतं. टाकीला तेच मानवलं. प्रवाळं दिवसभर उघडी राहू लागली, रेषा हलेना, काही पडेना, काही मिटेना. दुपारी आई खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची. ऊन उतरलं की उठायची. ताटातलं अर्धं तसंच ठेवायची. हेडबाई दगडाखालून बाहेर यायची, मोकळ्या पाण्यात क्षणभर थांबायची आणि परत जायची.

मग डॉक्टरकाकांचा फोन आला. स्टँड तयार होतं. रविवारी माणसं घेऊन येतो, म्हणाले.

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली. "तुझी रजा संपतेय. मला कळतं."

लेकीने मनात हिशेब मांडला. इथे राहिली तर तिचं घर, तिचं काम, सगळंच लांबणीवर पडणार होतं, आणि किती दिवस याला उत्तर नव्हतं. गेली, तर दवाखान्यात सगळं बिनचूक होईल. काका एक चूक करणार नाहीत. तिथे कोणाला यावं लागणार नाही.

तिने परत फोन लावला. "काका, रविवारी नको. नाही, मासे ठीक आहेत. इथेच राहू दे टाकी. आम्हीही आहोत."

मग बाल्कनीत जाऊन तिने मिठाचा डबा उघडला. साध्या पाण्याच्या मगात एक मूठ टाकली, ढवळली, थांबली, आणि अजून अर्धी टाकली. मग ते पाणी टाकीत ओतलं. दगडावरून मीठ धुरासारखं विरत खाली गेलं. हेडबाई त्यातून वाट काढत मधोमध येऊन थांबली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

आई कपाटाशी गेली. घडी न मोडलेला एक धुवट पंचा काढून टाकीपाशी आली आणि त्याचं एक टोक धरून हात पुढे केला, जिथे कोणी नव्हतं तिथे.

"नाहीतर हात पडद्यालाच पुसतात," ती म्हणाली.

मागच्या कोपऱ्यातलं एक बटण मिटलं. मग पुढचं. दोघी उभ्या राहिल्या. ऊन कपाटावरून भिंतीवर गेलं. आईचा हात अवघडला असणार, पण तिने तो खाली घेतला नाही.

मग पंच्याचं मोकळं टोक, जे कशालाच टेकलेलं नव्हतं, हलकेच ताणलं गेलं, आणि त्याच्यावर ओल पसरू लागली; आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.