ओझर ते हैदराबाद, दीड तास

नाशिकात द्वारकेला माझा दातांचा दवाखाना आहे. नवरा, शेखर, औषधांच्या कंपनीत. दर आठवड्याला ओझरहून विमानानं हैदराबादला जातो. हवेतलं अंतर पावणेसहाशे किलोमीटर, वेळ दीड तास. द्वारकेच्या ट्रॅफिकमधून ओझर गाठतानाच कधी कधी त्याच्या निम्मा वेळ जातो, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

दिवाळीनंतर मात्र तो परतायचा तो ताजातवाना होऊन. मान उन्हानं रापलेली. शर्टाचं तुटलेलं बटण कुणीतरी दुहेरी दोऱ्यानं नीट लावलेलं. केसांना धुराचा वास, चुलीवर तापवलेल्या पाण्यानं न्हाल्यासारखा. हैदराबादच्या हॉटेलात चूल कुठली?  तो झोपला की मी त्याचा फोन बघायची. त्यात काहीच सापडायचं नाही आणि मी आणखी जळायची.

एका रविवारी मी स्वतः त्याचे दात साफ करून दिले. गुरुवारी तो परतला. जेवण झाल्यावर त्यानं जांभई दिली आणि मागच्या दाढेत काहीतरी चमकलं. मी मोबाइलचा टॉर्च लावून त्याला तोंड उघडायला लावलं. दाढेत चांदी भरलेली होती. कडा झिजलेल्या, वर्षानुवर्षं चावून गुळगुळीत झालेल्या. मी चांदी कधीच भरत नाही.

"ही कोणी भरली?"

"तूच की, मनीषा."

"कधी?"

"येताना. विमानात." मग तो थोडा ओशाळला. "किती हलका हात होता गं तुझा."

त्या हलक्या हाताचा मला असा संताप आला, की पुढच्या सोमवारचं त्याच्या शेजारच्या सीटचं तिकीट काढूनच मी झोपले.

सकाळचं विमान. खाली द्राक्षबागा मागे पडल्या. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"आज झोपायचं नाही हं."

"बरं," म्हणून त्यानं डोळे मिटले.

मी टक्क जागी होते. ढग लागले तसा त्याचा हात गरम होत गेला, मग खरबरीत. नखांत माती दिसायला लागली. ओठ हलत होते. एकदा तो हसला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे बघून हसायचा, तसा.

"शेखर."

त्यानं डोळे उघडले नाहीत.

चाकं टेकली तसा तो जागा झाला. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं आपला हात हळूच सोडवून घेतला. त्याच्या कानांमागचे केस पांढरे झाले होते.

"ताई, तुमची बॅग काढून देऊ का?"

त्यानं काढून दिलेली बॅग मी घेतली.

मी त्याच्यामागून चालत राहिले. बाहेरच्या दाराशी थांबून त्यानं फोन लावला.

"मनीषा, पोचलो गं."

माझा फोन माझ्या हातात होता. तो वाजला नाही.

त्याच्या फोनमधून माझाच आवाज आला. "आज शेजारी कोण होतं रे?"

"कोणी नाही गं," शेखर म्हणाला. "एक बाई होत्या."